पप्पांच्या कबरीचं संमतीपत्र

मला काहीतरी मोठं झालंय हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. डॉक्टरांना नंतर कळलं, आणि नवऱ्याने तर तीन आठवडे कळूनच घेतलं नाही. मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. दुखत अजिबात नव्हती. सुहास म्हणायचा, दुखत नाही म्हणजे काही नसेल. न दुखणाऱ्या गोष्टींवर माझा आधीपासूनच विश्वास नाही.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे, सत्तावीस वर्षं झाली. माझे वडील नगर जिल्ह्यातले. रेल्वेची बदली घेऊन जयपूरला आले आणि नोकरीत असतानाच इथे गेले. त्यांच्या मागे मला खात्यात घेतलं. हेल्परपासून सुरुवात केली आणि परीक्षा देत देत सेक्शन इंजिनिअर झाले. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: शंका आली की लाल. वायर तुटू दे, दिवा जाऊ दे, उंदराने केबल कुरतडू दे, सिग्नल आपोआप लालच व्हायला हवा. हिरव्याला पुरावा लागतो, लालला लागत नाही. इतकी वर्षं असं काम करून माणूस घरी आल्यावर भोळाभाबडा होईल असं ज्याला वाटतं, त्याने माझ्या मुलीला विचारावं. निमिषा वीस वर्षांची आहे, जयपुरातच वाढली. ती म्हणते, "आई, तू ना, मतलब, दुधाच्या पिशवीवरची डेटपण दोनदा वाचते."

हो, वाचते. हे मी माझ्यासारख्यांसाठीच लिहितेय. उशाशी बसून कुणी "सकारात्मक राहा" म्हणालं की ज्यांच्या कपाळाची शीर उठते, त्यांच्यासाठी.

नाव, वय, तारीख

रिपोर्ट हातात आला तेव्हा मी आधी नाव वाचलं, मग वय, मग नमुना घेतल्याची तारीख. कुठेतरी चूक निघेल, दुसऱ्या कुणा शीलाचा कागद असेल, अशी आशा होती. पण सगळं माझंच होतं.

डॉक्टर चांगले होते. मात्र बोलायला लागले ते सुहासकडे बघून. "सर, घबराने की बात नहीं है. आजकल इसका इलाज है."

"डॉक्टर साहब, गाँठ मेरी है," मी म्हणाले. "मुझसे बात कीजिए."

ते जरा ओशाळले आणि माझ्याकडे वळले. लिम्फोमा. रक्ताच्याच घरातला एक कॅन्सर, गाठींमध्ये होणारा. तीन-तीन आठवड्यांनी सहा डोस, मध्ये एक तपासणी, शेवटी एक.

"ठीक हो जाता है?"

"ज़्यादातर."

तिथून निघताना माझ्या कानात तो एकच शब्द होता. पार्किंगमध्ये सुहासने स्कूटरला किल्ली लावली, काढली, परत लावली. "ज्यादातर म्हणाले ना," तो म्हणाला. "ज्यादातर म्हणजे चांगलंच की."

सुहास गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. मी त्याला विचारलं, "पोराने पेपरात 'बहुतेक' असं उत्तर लिहिलं तर देशील मार्क?"

त्याने स्कूटर सुरू केली. बायपासवर दोन्ही बाजूंना पास झालेल्या मुलांचे हसरे फोटो लागलेले होते, आणि मी ते चेहरे बघत बघत घरी आले. त्या दिवशी मी रडले नाही. त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. माझा माझ्या न रडण्यावरही विश्वास नव्हता, आणि तो संशय दोन दिवसांनी कुकरचं झाकण लागेना तेव्हा खरा ठरला.

लेबल

डोसाच्या दिवशी सकाळी आठला जायचं, रक्त द्यायचं, रिपोर्ट येईपर्यंत बसायचं, मग सुई, मग चार-पाच तास थेंब मोजायचे. खुर्च्या निळ्या, मागे कलणाऱ्या. एका हॉलमध्ये दहा-बारा माणसं, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या ओढणी. प्रत्येक पिशवी लावण्याआधी मी तिच्यावरचं लेबल वाचून घ्यायचे. दुसऱ्या वेळी नर्स म्हणाली, "मैडमजी, आप इलाज कराने आई हो या इंस्पेक्शन पे?"

"दोनों," मी म्हणाले. त्यानंतर ती स्वतःच पिशवी माझ्या डोळ्यांसमोर धरायची. एवढीशी गोष्ट, पण त्या हॉलमध्ये मला मिळालेली पहिली माया तीच होती.

शेजारच्या खुर्चीत संतोषजी असायच्या. इकडे संतोष हे बाईचंही नाव असतं. साठीच्या, ठसठशीत, नवऱ्याचा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात लेथचा कारखाना. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी जात, गाव, पगार, नवरा सगळं विचारून घेतलं. ख्रिस्ती आहे म्हटल्यावर जरा थांबल्या आणि पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "आपके में तो मरे हुए वापस उठते हैं ना?"

"मानते तो हैं."

"मानते हो, या उठते हैं?"

मी नर्सला हाक मारली आणि थेंब हळू पडतायत असं सांगितलं. थेंब बरोबर पडत होते.

खरं सांगायचं तर संतोषजींनी विचारलेला प्रश्न मी लहानपणापासून चुकवत आले होते. दर ईस्टरला पाळकसाहेब मोठ्याने म्हणतात, प्रभू उठला आहे. सगळी मंडळी उत्तर देते, खरोखर उठला आहे. इथे ते हिंदीत होतं, "सचमुच जी उठा है". मी नेहमी नुसते ओठ हलवत आले. माझा काटा त्या "खरोखर"पाशी अडायचा. आज सूर्य खरोखर उगवला, असं कुणी म्हणत नाही. जिथे "खरोखर" लावावं लागतं, तिथे आधी कुणीतरी शंका घेतलेली असते. मला त्या शंका घेणाऱ्याला भेटायचं होतं, आणि उपासनेत नेमका तोच कधी बोलायचा नाही.

भेटायला येणारे

चर्चमधल्या बायका शिरा घेऊन यायच्या. प्रार्थना करायच्या, माझ्या हातावर हात ठेवायच्या, आणि निघताना "प्रभू बरं करील" म्हणायच्या. प्रेमाने म्हणायच्या, ते मला कळत होतं. पण माझं डोकं तिरकं चालायचं. बरी झाले तर प्रभूने केली, नाही झाले तर प्रभूची इच्छा. दोन्हीकडून एकच पक्ष जिंकणार असेल तर खेळायचं कशाला? हे मी एकदा सुहासला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "शीला, शिरा तरी खा." शिरा चांगला होता, पण तोंडाला सगळंच पत्र्यासारखं लागत होतं.

आमच्या चर्चचे पास्टरजी एकटे आले. तरुण आहेत, अजमेरकडचे, हिंदी बोलतात. मी मनात पुनरुत्थानावरच्या एखाद्या गोड भाषणाची तयारी करून बसले होते. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "डर लगता है, शीला बहन?"

"लगता है."

"मुझे भी लगता है. अस्पताल की गंध से ही लगता है."

मला वाटलं, ही यांची पद्धत असणार. आधी आपण भित्रे आहोत असं दाखवायचं, मग माणूस खुलतो. म्हणून मी खुलले नाही. ते चहा संपवून गेले. त्यांनी भाषण केलंच नाही, हे मला ते गेल्यानंतर लक्षात आलं, आणि त्याचाही मला संशय आला.

रिकामी खुर्ची

तिसऱ्या डोसाला संतोषजींच्या खुर्चीत भलताच माणूस बसलेला होता. मी नर्सला विचारलं.

"ठीक हैं, घर पे हैं. उनकी तारीख बदल गई," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. उत्तर तयार ठेवल्यासारखं. आणि म्हणताना तिने माझ्याकडे न बघता सुईकडे बघितलं.

मी समजले. इथे मेलेल्यांची बातमी इतरांना देत नसणार. मी पुढे काही विचारलं नाही. घरी येऊन कुणाला सांगितलंही नाही. तीन आठवडे मी संतोषजींचं सुतक मनातल्या मनात पाळलं. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, त्यांनीच घालून दिला होता. तो मी लावला नाही. ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येक तार स्वतः तपासली, तिने एक फोन लावून बघितला नाही. दुःखाची मला इतकी खात्री होती की तपासावंसं वाटलंच नाही.

चौथ्या डोसाला हॉलमध्ये शिरले तर संतोषजी आपल्या खुर्चीत बसून कागदात गुंडाळलेली कांद्याची कचोरी खात होत्या. डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली कचोरी.

"ऐसे क्या देख रही हो? भूत हूँ क्या?"

मी जवळ गेले आणि त्यांचा हात धरला. गरम होता. बोटांना तेल लागलेलं होतं. मी जी रडायला लागले ती थांबेचना. संतोषजी बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं माझा रिपोर्ट वाईट आला. नर्स धावत आली. "मैडमजी, मैंने तो बोला था ना, घर पे हैं."

बोलली होती. साधं, सरळ, खरं बोलली होती. येशूच्या रिकाम्या कबरीपाशी गेलेल्या बायका धावत येऊन तो उठल्याचं सांगतात आणि घरात बसलेले पुरुष ते बडबड म्हणून उडवून लावतात, हे दर ईस्टरला आमच्याकडे वाचतात. ऐकताना मी नेहमी त्या पुरुषांना शहाणं समजत आले. त्या दिवशी निळ्या खुर्चीत बसून पहिल्यांदा वाटलं, शहाणं माणूस चुकूही शकतं, आणि चुकलं की तीन आठवडे उगाच रडतं.

म्हणून काही मी एका कचोरीवर श्रद्धाळू झाले नाही. संतोषजी मेल्याच नव्हत्या, हा फरक मला कळतो.

चुना

चौथ्या डोसानंतरच्या तपासणीत बाकी सगळं विरघळलेलं होतं, छातीत मात्र एक ठिपका उरला होता. डॉक्टरांनी मला ते सांगितलं. मग जाताना सुहासला म्हणाले, "सर, एक मिनट." दोघे बाहेर गेले. दाराच्या काचेतून मला दिसलं, सुहासने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. बराच वेळ पुसला.

"काय म्हणाले?"

"काही नाही. गाडी कुठे लावायची ते सांगत होते."

"डॉक्टर?"

"हो ना."

सुहासला खोटं बोलता येत नाही. बावीस वर्षांत त्याला एक धड थाप मारता आली नाही. तिथून पुढे मी घरावर पहारा ठेवला. निमिषा अचानक माझ्याशी गोड वागायला लागली, एकदाही उलटून बोलेना. सुहासचा फोन वाजला की तो गॅलरीत जायचा. सहावा डोस झाला, आणि ईस्टरच्या दोन आठवडे आधी, झावळ्यांच्या रविवारच्याही आधीच्या रविवारी, सुहासने क्लासमध्ये जादा तास काढला. दुपारी परत आला तर बुटांवर पांढरे शिंतोडे होते.

गोपालपुऱ्यात खडू असतो, चुना नसतो. आणि हा चुना मी ओळखते. त्यात चिमूटभर नीळ घातलेली असते. दरवर्षी ईस्टरच्या आधी आम्ही आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतो, चुना देतो, कारण ईस्टरची पहाटेची उपासना तिथेच, कबरस्तानात होते. पप्पांच्या कबरीला चुना मी देते. गेली सत्तावीस वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेला नाही. या वर्षी कोण देणार हे मी मुद्दाम कुणाला विचारलं नव्हतं.

सुहास अंघोळीला गेला तेव्हा मी त्याची बॅग उघडली. अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण उघडली. मुलांच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक घडी केलेला कागद होता. वर लिहिलं होतं, "सहमति-पत्र". आमचं कबरस्तान जुनं, भरून गेलेलं. नवी जागा जवळजवळ मिळत नाही. म्हणून घरातलं माणूस गेलं की जुनीच कबर उघडतात आणि त्यातच त्याला ठेवतात. त्यासाठी आधी तिथे असलेल्याच्या सगळ्यात जवळच्या वारसाची लेखी संमती लागते. कागदावर पप्पांचं नाव सुहासच्या अक्षरात भरलेलं होतं. कुणासाठी उघडायची, ती जागा कोरी होती. आणि खाली: वारसाची सही.

पप्पांना मी एकटीच. म्हणजे मला पुरण्यासाठी माझ्या नवऱ्याला माझीच सही हवी होती, आणि मागायचा धीर होत नव्हता म्हणून तो कागद बॅगेत घेऊन फिरत होता.

आधी मला हसू आलं. खरंच आलं. मग मी पलंगावर बसले. कागद होता तसा घडी करून ठेवला.

सुहास डोकं पुसत बाहेर आला.

"जादा तास कसा झाला?"

"बरा."

"काय शिकवलंस? चुना?"

त्याने बुटांकडे बघितलं, मग बॅगेकडे, मग माझ्याकडे. टॉवेल तसाच हातात घेऊन तो खुर्चीत बसला.

"डॉक्टर मरशील असं म्हणाले नाहीत," तो म्हणाला. "म्हणाले, ठिपका राहिलाच तर पुढचं औषध कडक आहे, सोसेल की नाही सांगता येत नाही. तेवढंच म्हणाले."

"मग?"

"मग मी घाबरलो. मला दुसरं काही करता येत नव्हतं, शीला. औषध मी देऊ शकत नाही, दुखणं घेऊ शकत नाही. म्हटलं, निदान तुला पप्पांजवळ जागा तरी बघून ठेवावी. तिथला चौकीदार म्हणाला, दस्तखत बेटी के चाहिए. आता बेटी कोण, ते त्याला कसं सांगू? आणि कबरीचा पार रंग उडाला होता. म्हणून परत जाऊन चुना दिला."

"मला विचारायचं होतंस."

"काय विचारू? तुला कुठे पुरू, असं विचारू?" त्याने टॉवेलमध्ये तोंड लपवलं.

निमिषा दारात उभी होती. "आई, मलापण माहीत होतं," ती म्हणाली. "ब्रश मीच आणून दिला. सॉरी. पण आजोबांची ग्रेव्ह खरंच खूप गंदी झाली होती."

माझा संशय अक्षरशः खरा निघाला होता. आयुष्यभर मला वाटायचं, संशय खरा निघाला की निदान एक समाधान मिळतं. काही मिळालं नाही. मला त्या दोघांचा राग आला, आणि त्या रागाच्या खाली तेवढीच माया दाटून आली. माझ्यासमोर हसरे चेहरे ठेवून ही दोघं माझ्या बापाच्या कबरीवर वाकून चुना देत होती.

"कागद इकडे दे," मी म्हणाले. "सही करेन की नाही ते मी बघते. पण यापुढे घरात जादा तास नाहीत." सुहासने मान हलवली. त्या दिवसापासून आम्ही खरं बोलतो. त्रास होतो, पण पहारा ठेवण्यापेक्षा दमणूक कमी होते.

ईस्टर

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मे महिन्यातल्या शेवटच्या तपासणीत ठिपका दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, "अभी के लिए सब साफ़ है." ते "अभी के लिए" मी ऐकलंय आणि लक्षात ठेवलंय. संतोषजींचेही उपचार संपले, रोज सकाळी फोन करून त्या मला कचोरी खाल्ल्याचं कळवतात. पण ईस्टरच्या पहाटे यातलं काहीच ठाऊक नव्हतं. छातीत ठिपका होता, आणि पर्समध्ये तो कागद.

कबरस्तानात उजाडत होतं. मोर ओरडत होते. कबरींवर झेंडूची फुलं, मेणबत्त्या, लोकांच्या अंगावर नवे कपडे. माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पप्पांच्या कबरीपाशीच ठेवली होती. सुहासने चुना इतका वाईट दिला होता की ओघळ थेट पप्पांच्या नावावर आले होते. मी नखाने एक ओघळ खरवडला आणि मग सोडून दिला.

पास्टरजी म्हणाले, "प्रभु जी उठा है." मंडळी म्हणाली, "सचमुच जी उठा है." मी ओठ हलवले, नेहमीसारखे.

उपासना संपून चहा वाटायला लागले तेव्हा मी पास्टरजींना बोलावलं आणि कागद पुढे केला. मला जे विचारायचं होतं ते समजावं म्हणून त्यांना आधी आमच्या कामातली एक गोष्ट सांगितली. गाडी रूळ बदलते तिथला सांधा दुरुस्त करायचा असेल तर आम्ही तो आधी तोडतो, म्हणजे सिग्नलपासून अलग करतो. तसा कागद भरून स्टेशन मास्तरला द्यावा लागतो, वेळ टाकून, सही करून. त्या क्षणापासून तो सांधा मेलेला. पण त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात दुसरी जागा असते: काम झालं, तपासलं, पुन्हा जोडला. तिथेही वेळ आणि सही. तो खालचा भाग नसलेल्या कागदावर मी सत्तावीस वर्षांत कधी वरची सही केलेली नाही.

"इसमें वो नीचे वाला हिस्सा कहाँ है?" मी विचारलं.

मला वाटलं होतं ते हसतील, किंवा आता तरी एखादं वचन म्हणतील. त्यांनी कागद घेतला, वाचला, उलटून मागची बाजूही बघितली. मागे काही नव्हतं.

"वो हिस्सा हम नहीं भरते, बहनजी."

"कौन भरता है? आपने भरते देखा है?"

"नहीं देखा," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघून बोलत होते. "पर उसी के भरोसे तो लोगों को यहाँ छोड़कर घर जाता हूँ. नहीं तो कैसे जाऊँ?"

मी त्यांच्या चेहऱ्यावर युक्ती शोधली. ती माझी सवय आहे. सापडली नाही. एक तरुण माणूस होता, पहाटे चारला उठलेला, हातात गार झालेला चहा, आणि मला जितकं ठाऊक होतं त्याहून जास्त त्यालाही ठाऊक नव्हतं. तरी तो दर वेळी इथे येत होता, माणसं ठेवत होता आणि परत जाऊन उरलेल्यांना धीर देत होता. उपासनेत कधी न बोलणारा तो शंका घेणारा माणूस मला भेटला असं वाटलं. तो विश्वास ठेवणाऱ्यातच राहत होता.

मला एकदम पप्पांची आठवण आली, आणि त्यांना परत बघायचंय हे इतकं उघडपणे वाटलं की लाज वाटली. मग लाजही गेली. मला खरंच बघायचंय त्यांना. सुहासचा ओघळलेला चुना त्यांना दाखवायचाय.

मी कागद कबरीवर ठेवला. कुणासाठी उघडायची, तिथे माझं नाव लिहिलं. सुहास तोंड फिरवून मोरांकडे बघायला लागला, निमिषाने माझा खांदा घट्ट धरला. मी सही केली, तारीख टाकली, घड्याळ बघून वेळ टाकली.

"वेळ कशाला?" सुहासने विचारलं.

"टाकावी लागते," मी म्हणाले.

सहीच्या खाली पट्टीशिवाय जमेल तेवढी सरळ एक आडवी रेघ मारली. रेघेखालची अर्धी जागा तशीच सोडली.

फाटकापाशी म्हातारा चौकीदार बसला होता. त्याच्या हातात कागद दिला, कचेरीत ठेवायला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला, रेघेवरून बोट फिरवलं, आणि खिशातलं पेन काढलं.

"मैडमजी, नीचे जगह ख़ाली रह गई. कुछ भरना है क्या?"

"भरना है," मी म्हणाले. "आपको नहीं."